आमची नदी वसईला जाते

२७ जुलै २०१९. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हजारावर प्रवासी, वर हेलिकॉप्टर, खाली बोटी. त्याच पहाटे मांजर्लीत आमच्या तळमजल्यावरच्या घरात उल्हास नदी शिरली. आजीला आम्ही वरच्या काकूंकडे नेलं. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर फ्रीज आडवा, गाद्या चिखलात आणि मागचं दार सताड उघडं. दाराजवळची आजीची पत्र्याची पेटी गायब होती. तिच्यात दोन नऊवारी, काही कागद आणि आजोबांचा वसईच्या किल्ल्यातला फोटो होता. तरुणपणीचा तेवढा एकच.

“गेली कुठं असेल गं, बाय?” आजीनं विचारलं.

“कल्याणच्या पुढं खाडीत. मग समुद्रात.”

“कुठल्या समुद्रात?”

मी मॅप उघडून निळ्या रेषेवरून बोट फिरवत गेले. कल्याण, ठाण्याच्या वरचं वळण, घोडबंदर आणि शेवटी वसई. आजी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. तेव्हापासून तिला वसईला जायचंय. आधी लॉकडाऊन, मग बाबांची नोकरी, मग तिचे गुडघे. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि तिचं म्हणणं असं की, आधी वसई. म्हणून हा प्लॅन.

प्लॅन करताना मी वाचत गेले, आणि लक्षात आलं की आपण ज्या नदीला पूर आल्यावरच ओळखतो, तिच्याच काठावर इथला निम्मा इतिहास घडलाय. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि तिथं जहाजं बांधायला सुरुवात केली. पण कल्याणहून समुद्रात जायचं तर याच खाडीतून, म्हणजे वसईच्या पोर्तुगिजांच्या नाकाखालून. वरच्या अंगाला जहाजं बांधणारे आणि तोंडाशी किल्ला घेऊन बसलेले, अशी ही गंमत. अर्थात तेव्हा ती कुणालाच गंमत वाटली नसणार.

वसई पोर्तुगिजांना मिळाली १५३४मध्ये. मुघल बादशहा हुमायूनच्या धास्तीत असलेल्या गुजरातच्या बहादूरशहानं तहात ती देऊन टाकली. सोबत आजूबाजूची बेटंही गेली, त्यात मुंबई होती. आज वसईकर रोज लोकलला लटकून मुंबईला जातात. तेव्हा मुंबई वसईच्या पदरातली एक चिंधी होती. पुढं दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं. तटबंदीच्या आत अख्खं शहर होतं. त्यातल्या चर्चच्या, मठांच्या भिंती अजून उभ्या आहेत. रील्ससाठी आणि प्री-वेडिंगसाठी तुम्ही त्या पाहिल्याच असतील.

मग १७३७. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक पोर्तुगिजांच्या धार्मिक जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागत होते. चिमाजी अप्पांच्या फौजांनी आधी ठाणं घेतलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. ठाणं गेलं म्हणजे खाडीची वरची बाजू गेली. नंतर दक्षिण तीरावरचं धारावी बेटही पडलं, तेव्हा वसईला तोंडाशीही मोकळं पाणी उरलं नाही. किल्ल्याच्या तटाआधी नदी जिंकली होती. मे १७३९मध्ये सुरुंगांनी बुरूज फोडले, शेवटचा हल्ला झाला, दोन्हीकडची खूप माणसं मेली आणि किल्ला शरण आला. पोर्तुगिजांना सामानसुमान घेऊन जाऊ दिलं गेलं. ‘किल्ला पडत नसेल तर माझं डोकं तोफेला बांधून आत उडवा’ असं अप्पा म्हणाल्याची गोष्ट बाबा रंगवून सांगतात. ती आख्यायिका आहे हे मी त्यांना सांगत नाही. चर्चच्या घंटा मात्र खऱ्या आहेत. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत.

बाबांच्या यादीत एकच गोष्ट: अप्पांचं स्मारक. फोटो, घोषणा, घरी परत. याच्यावरून आमचं वाजलं.

कारण कॉलेजात माझी एक मैत्रीण वसईची, सामवेदी ख्रिस्ती. घरी कादोडी बोलते, आमच्यासारखीच मराठीत भांडते. ती एकदा म्हणाली होती, “तुम्ही किल्ल्यात येऊन ‘आपण जिंकलो’ म्हणता. मग आम्ही कोण? हरलेले? आम्ही तर इथंच होतो.” मला उत्तर सुचलं नव्हतं. तिचे पूर्वज पोर्तुगीज नव्हते, याच मातीतले होते. जेते बदलले तरी त्यांच्या केळीच्या बागा तिथंच राहिल्या. याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल सोप्या मराठीत आणलं, साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हे मी बाबांना सांगितलं. ते गप्प बसले. पटलं की नाही, कळलं नाही.

मग मी त्यांना दुसरी तारीख सांगितली. ३१ डिसेंबर १८०२. होळकरांकडून पुण्याजवळ हरलेला दुसरा बाजीराव पळत वसईला आला आणि इथं त्यानं इंग्रजांशी तह केला. कंपनीची किमान सहा हजारांची फौज पदरी आणि तिचा खर्चही आपणच द्यायचा. ज्या चिमाजींनी वसई घेतली ते याच्या आजोबांचे सख्खे भाऊ. मधे फक्त ६३ वर्षं. “या तहाचं स्मारक कुठंय?” मी विचारलं. बाबा म्हणाले, “हरलेल्याचं कोण बांधतं?” आणि मग स्वतःच म्हणाले, “बरं, चर्चही बघू.”

तर प्लॅन असा. बदलापूरहून लोकलनं दिवा, तिथून वसईची मेमू. दादरला उतरून पश्चिम रेल्वे धरता येते, पण आजीला दादरचा पूल चढवायची माझी हिंमत नाही. मेमूच्या फेऱ्या कमी, चुकली तर दिवस गेला. पण ती भिवंडीआधी उल्हासच ओलांडते, म्हणजे आजीला खिडकीची जागा हवी. भिवंडी रोड स्टेशन अंजूर फाट्यापाशीच आहे, तिथं बाबांना गंगाजी नाईकांची आठवण करून द्यायची. वसई रोडहून रिक्षानं किल्ला. दुपारी मैत्रिणीच्या घरी जेवण, तिच्या आईनं सुकेळी काढून ठेवते म्हटलंय. उन्हं उतरली की किल्ला बंदर. २०२४पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू आहे. आजीला झेपलं तर तिच्यातून खाडीच्या मधोमध जाता येईल.

जायची तारीख भरतीचं टेबल बघून ठरवली. खाडीत भरतीचं पाणी उलटं आत चढतं, ओहोटीला बाहेर जातं. आजीला बाहेर जाणारं पाणी बघायचंय.

काल तिनं पिशवी भरली. गुडघ्याचा पट्टा, गोळ्या, पाण्याची बाटली. वर एक फोटो ठेवला होता, आजोबांचा साठीतला, रेशनकार्डासाठी काढलेला.

“हा कशाला?” मी विचारलं.

“तिथं उभं राहून माझा काढ,” ती म्हणाली, “हातात हा धरते. दोघांचा येईल.”