‘सुत्ताले’ : एका शब्दाचा अन्वय

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याशी नागरी लिपीत दोन मराठी ओळी कोरलेल्या आहेत. पहिलीत चावुंडराजाचे कर्तृत्व, दुसरीत गंगराजाने ‘सुत्ताले’ करविल्याची नोंद. ‘करवियले’ हे प्रयोजक रूप मराठी वाचकाला सहज ओळखू येते. अडते ते ‘सुत्ताले’पाशी. अखेरच्या ‘ले’मुळे तेही क्रियारूप भासते, पण मग गंगराजाने करविले काय?

उत्तर तेथल्याच कन्नड लेखात आहे. तेथे गंगराजाने ‘सुत्तालय’ करविले असे म्हटले आहे. कन्नड ‘सुत्तु’ म्हणजे वेढणे. तेव्हा सुत्तालय म्हणजे मूर्तीभोवतीची वास्तू, जी आजही उभी आहे. ‘अय’चा ‘ए’ होणे प्राकृत वळणाचेच. समांतर मजकुरावरून अर्थ लावण्याची ही रीत मृत भाषांच्या अभ्यासात रुळलेली आहे. प्राचीन अनातोलियातील पलाई भाषेतील ‘मुसान्ति’चा ‘तृप्त होतात’ हा अर्थ लागला, तो देव जेवूनही तृप्त होत नाहीत हा प्रसंग हित्ती पुराणकथेत होता म्हणून. केवळ व्युत्पत्तीने ते साधले नसते.

या अन्वयाला कालनिर्णयाचीही बाजू आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीची. गंगराज मात्र होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. दुसरी ओळ इ. स. ९८३ ची असूच शकत नाही. दोन्ही ओळींचे अक्षरवळण एकच मानले (आणि अभ्यासकांचा कल तिकडेच आहे) तर पहिलीही तितकीच अलीकडे येते. ‘मराठीचा आद्य शिलालेख’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घोकलेले वर्ष मूर्तीचे आहे, लेखाचे नव्हे.

आणि हा शब्द मराठी म्हणावा काय? तिवशाहून फारशा दूर नसलेल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. देवळांच्या बारीकसारीक तपशिलांनी भरलेल्या महानुभाव गद्यात देवळाच्या आवारासाठी ‘पौळी’ आणि ओवरीसाठी ‘पटिसाळ’ हे शब्द वावरतात. त्या गद्याची साक्ष मानली, तर ‘सुत्ताले’ हा स्थानिक वास्तुशब्द मराठी वाक्यात जसाच्या तसा बसविलेला दिसतो. मराठीच्या प्राचीन शब्दसंग्रहाचा पुरावा म्हणून तो मोजणे मला पटत नाही. कन्नड मुलखातील तीर्थावर मराठी वाचणारा यात्रेकरू अपेक्षित होता, याचा पुरावा मात्र ‘करवियले’ देते, आणि तो अधिक मोलाचा आहे.