अल्कोहोल किती पातळ आहे, हे का मोजतात?

ब्युटेनॉल हे रंग आणि थिनरमध्ये वापरलं जाणारं द्रव अल्कोहोल. ते चुकून पोटात गेलं, तर विषबाधेशिवाय आणखी एक धोका असतो. पातळ द्रव ठसक्याबरोबर किंवा उलटीबरोबर फुप्फुसात शिरू शकतो आणि रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून सुरक्षा तपासणीत श्यानता, म्हणजे द्रव वाहायला किती विरोध करतो, हे मोजतात.

पद्धत सोपी आहे. काचेच्या बारीक नळीतून ठरावीक द्रव खाली यायला किती सेकंद लागतात, ते पाहायचं. त्या वेळेला नळीच्या ठरलेल्या आकड्याने गुणलं की श्यानता मिळते. तापलेला द्रव पातळ होतो, त्यामुळे तापमान काटेकोर ठेवावं लागतं. ओईसीडीच्या ११४ क्रमांकाच्या चाचणीत २० अंश आणि त्याहून सुमारे २० अंश जास्त, अशा दोन तापमानांना मोजणी सुचवली आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात अल्कोहोलसारख्या द्रवांची श्यानता ४० अंशांना १४ चौरस मिलीमीटर प्रति सेकंद किंवा कमी असेल, तर या धोक्याचा विचार होतो. मात्र पृष्ठताण, पाण्यातली विद्राव्यता, उत्कलनबिंदू हेही पाहिलं जातं.

असं रसायन कुणी प्यायलं, तर उलटी करायला लावू नका. थेट दवाखाना गाठा.