माजघरातले गाणे आणि ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा कंपन्यांचा आणि नामवंत गवयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणाची तबकडी कधी निघाली, कोणाची किती खपली, कोणी भोंग्यासमोर बसायला नकार दिला. घरात गायले जाणारे गाणे या इतिहासात येत नाही, कारण ते कोणी विकत घेत नव्हते. कोकणातल्या मुस्लिम घरांत हळदीला, मेंदीला, पाळण्याशी आणि एके काळी जात्यावर जे गाणे होते ते बायकांचे, कोकणी बोलीतले आणि कुठेही लिहून न ठेवलेले. हेदवी आणि गुहागर तालुक्याच्या आसपासच्या गावांत आजही लग्नघरात दोन-तीन म्हाताऱ्या अशा भेटतात की ज्यांना गाणे अथपासून इतिपर्यंत येते. बाकीच्या नुसते धृपद उचलतात. शाळेच्या दप्तरात मावेल एवढ्या यंत्राने हे गाणे आज त्याच घरात बसून उत्तम प्रतीचे मुद्रित करता येते. मग इतकी वर्षे ते का झाले नाही?

सुरुवात इ.स. १९०२ पासून करावी लागते. त्या वर्षी लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेडरिक विल्यम गायसबर्ग या तंत्रज्ञाला पूर्वेकडे पाठवले. नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याच्या एका हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून त्याने मुद्रणाला आरंभ केला. म्हणजे आपल्या देशातले पहिले मोठे व्यावसायिक मुद्रण स्टुडिओत झालेच नाही. ते फिरतीच्या सामानावर झाले. पण फिरतीचे सामान म्हणजे पेट्याच पेट्या, मेणाच्या जाड तबकड्या आणि एक मोठा भोंगा. मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने भोंग्याच्या तोंडाशी उभे राहून खड्या आवाजात गायचे, मान वळवली की सूर गेला. सगळे तीनेक मिनिटांत आटोपायचे. गौहरजान याच फेरीत गायल्या. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हानोवरला जात आणि तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळायला हवे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम थांबला.

अशा भोंग्यासमोर आठ-दहा बायकांचा कोंडाळे करून गायलेला, मध्येच हसण्यात विरणारा, अर्धा तास चालणारा गीतप्रकार कसा बसणार? जो आवाज खडा, जो गळा तयार, जे गाणे तीन मिनिटांत उरकता येईल तेवढेच टिकले. १९२५ मध्ये विजेवरचे मुद्रण आले, मायक्रोफोन आला, हळू आवाजही पकडता येऊ लागला. पण तोवर दुसरी गोष्ट घडून गेली होती. सुरुवातीला तबकडीसाठी गाणाऱ्या स्त्रिया बहुतेक कोठ्यावरच्या किंवा रंगभूमीवरच्या होत्या. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतून कोणी पुढे येणे शक्य नव्हते. त्यामुळे 'यंत्रात गाणारी बाई' या शब्दांना एक वास चिकटला. गौहरजान यांच्यासारख्या स्त्रियांनी संगीतावर केवढे उपकार केले हे आपण आज मोकळेपणाने म्हणतो. पण तो वास आपल्या माजघरांतून अजून पुरता गेलेला नाही.

आपल्या उस्तादांचेही यंत्राशी एकसारखे जमले नाही. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास तबकड्या दिल्या आणि पुन्हा १९३० च्या दशकात, मृत्यूपूर्वी काही वर्षे, दिल्या. त्या सुरेल आवाजाची ओळख आज आपल्याला आहे ती त्या तबकड्यांमुळे. खाँसाहेब १९३७ मध्ये वारले. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरसाल गायन होते. उलट कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँसाहेब १८५५ ते १९४६ असे दीर्घायुषी, तबकडीचा सगळा जमाना त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, पण त्यांची एकही तबकडी नाही. त्यांचे गाणे आपण ऐकतो ते शिष्यांच्या गळ्यातून. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. गुरूचा आवाज मात्र कोल्हापुरातही उरला नाही. अल्लादिया खाँसाहेबांना निदान शिष्य होते. हळदीची गाणी गाणाऱ्या आमच्या दादी-नानींना शिष्या म्हणून सुना आणि नाती, आणि त्या आता मुंबईला, मुंब्र्याला, आखातात.

आखाताचा विषय निघाला तर सांगायला हवे की कोकणी मुस्लिम घरात मुद्रणयंत्र पहिल्यांदा आले ते तिथूनच. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये जगापुढे आणली. १९७३ नंतर तेलाच्या किमती चढल्या, आखातात कामगारांची मागणी वाढली आणि आमची माणसे दुबई, कुवेत, मस्कतला जाऊ लागली. सुट्टीवर येताना कापड, अत्तर आणि 'टू-इन-वन'. देशात इतरत्र १९८० च्या दशकात कॅसेटचा सुळसुळाट झाला, १९८३ मध्ये गुलशनकुमार यांची सुपर कॅसेट्स कंपनी निघाली. पण त्याआधीच कोकणातल्या कितीतरी खेड्यांतल्या ओटीवर लाल बटण असलेली ही पेटी ठेवलेली होती. त्या बटणाचे महत्त्व फार आहे. ग्रामोफोन फक्त ऐकवत असे. ही पेटी ऐकतही असे. जिला लिहिता येत नाही ती बाई नवऱ्याला कॅसेटवर पत्र 'बोलून' पाठवू लागली. मौलूद, निकाहाचा खुत्बा, लहान मुलाने पाठ केलेली सूरत आणि मागच्या खोलीतली हळदीची गाणी असे सगळे एकाच फितीवर येऊ लागले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटे चाले. तीन मिनिटांची अट संपली होती. माझ्या मते आपल्या समाजाचा पहिला खरा ध्वनिसंग्रह हाच, फक्त त्याला संग्रह असे कोणी म्हटले नाही.

आणि म्हणूनच तो गेला. कॅसेटच्या पाठीवरची इवलीशी पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. ती पट्टी फार थोड्यांनी मोडली. हळदीवर कव्वाली चढली, कव्वालीवर क्रिकेटचे धावते समालोचन. जे वाचले ते कोकणच्या दमट हवेने खाल्ले. फितीवर पांढरी बुरशी धरते आणि फीत फितीला चिकटते. आमच्या गावच्या एका घरात पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेटी निघाल्या. त्यांतल्या चार वाजल्या.

घरात जाऊन बायकांचे गाणे पद्धतशीरपणे जमवण्याचे काम महाराष्ट्रात झाले, पण ते घाटावर अधिक. मूळचे फ्रेंच असलेले गी पॉयट्वॅं आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव जाऊन टिपल्या. १९९० च्या दशकात संगीत आणि संगणक दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल यांनी त्यांच्याबरोबर मुद्रण केले. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा हा प्रचंड साठा २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागला. तो चाळताना जाणवते की ओवी टिपणाऱ्यांनी गाणारीचे नाव, गाव, ती कोणत्या परिस्थितीत राहते हेही टिपले. १९०२ मध्ये गौहरजान यांना आपले नाव स्वतः ओरडून सांगावे लागले होते. इथे विचारणारे कोणीतरी होते. कोकणी बोलीतल्या आपल्या गाण्यांचे असे काम त्या तोडीने झालेले माझ्या पाहण्यात नाही.

आता यंत्राची अडचण सांगायची सोय उरलेली नाही. ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात ती डायरीएवढी पेटी असते. एका बाजूला एक-दोन मायक्रोफोन लावायचे, दुसऱ्या बाजूने यूएसबीची तार लॅपटॉपला किंवा फोनला. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारे ४८ व्होल्ट ती स्वतः पुरवते आणि आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेऊन अंक करून ठेवते. चोवीस बिटांचे मुद्रण असले तर आवाजाची पातळी मुद्दाम कमी ठेवावी. बायका गाता गाता एकदम वर जातात, टाळी पडते, परात वाजते. पातळी आधीच चढवून ठेवली तर तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज सहसा नीट शिवता येत नाही. कोकणातल्या घराचे आणखी काही प्रश्न आहेत. अर्थिंग धड नसले की लॅपटॉपचा चार्जर लावताच एक बारीक घूं ऐकू येते, म्हणून चार्जर काढून बॅटरीवरच काम करावे. पंखा बंद, फ्रिज बंद. पावसाळ्यात कौलांवरच्या सरींपुढे इलाज नाही. एप्रिल-मे हा लग्नाचा आणि मुद्रणाचाही मोसम. मायक्रोफोन गोलाच्या मधोमध न ठेवता जिला गाणे पुरते येते तिच्या बाजूला थोडा सरकवावा, म्हणजे शब्द तिचे आणि साथ सगळ्यांची मिळते. जुनी कॅसेट वाजत असेल तर टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून तीही याच पेटीत उतरवता येते, मात्र आधी हेड स्पिरिटने पुसून घ्यावे.

उरतो तो इजाजतीचा प्रश्न. बाईचा आवाज परक्याने ऐकू नये, असे अनेक घरांत ठामपणे सांगितले जाते. आपण कोकणी मुसलमान शाफई. शाफई फिकहमधले मान्य मत असे की बाईचा आवाज मुळात सतरमध्ये मोडत नाही. फितन्याची भीती असेल तिथे सावधगिरी सांगितली आहे, ती वेगळी गोष्ट. लग्नात डफ वाजवण्याचा आणि गाण्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे, हेही आलिम मंडळी नाकारणार नाहीत. तरीही किताबातले मत पुढे करून कोणाच्या दादीला मायक्रोफोनसमोर बसवणे मला पटत नाही. तिचा संकोच फिकहचा नसतोच. आपले गाणे फोनवरून कोणाच्याही हाती जाईल, कोणी हसेल, ही तिची भीती असते आणि ती खोटी नाही. कंपन्यांनी पैसे देऊन गाणे घेतले, आपण तर काही न देता घेतो.

हेदवीत मार्गशीर्षातल्या एका लग्नात ज्या आजींनी अखेर गायला होकार दिला त्यांनी अटी घातल्या. मुद्रणाच्या वेळी खोलीत पुरुष नको. गाणे कोणालाही फोनवर पाठवायचे नाही. एक प्रत त्यांच्या मुंबईच्या नातीला द्यायची आणि एक शाळेच्या कपाटात, कुलपात. गाण्याआधी त्यांनी स्वतःचे, आईचे आणि माहेरच्या गावाचे नाव सांगितले. त्यांना कोणी तसे सुचवले नव्हते. मग मला जवळ बोलावून विचारले, "बेटी, यात किती वेळ गाता येतं?" सकाळपर्यंत, असे मी म्हटले. तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि शेजारणीला परात आणायला सांगितली.