सोडत आणि चिठ्ठ्या

प्रवेशाचे दिवस आले, कीं नागपुरांत महाल-इतवारीपासून जरीपटक्यापर्यंत संगणकाच्या लहानशा दुकानांपुढें आईबाप उत्पन्नाचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा व मुलाचा जन्मदाखला घेऊन उभे असलेले दिसतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें, अल्पसंख्याकांच्या शाळा वगळून, खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं राखल्या. मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणेंही त्यानें बंद केलें. अर्ज ऑनलाइन जातो, आणि जागांहून अर्ज अधिक झाले म्हणजे सोडत निघते. पूर्वीं मुख्याध्यापकाच्या मेजाच्या खणांत असणारी यादी अशा रीतीनें चव्हाट्यावर आली, हा लाभ थोडा नव्हे.

परंतु नकार उघडपणेंही देतां येतो, याची साक्ष इतिहास देतो. १८५६ सालीं मुंबई इलाख्यांतील धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. सरकारनें लपवाछपवी कांहीं केली नाहीं. तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूस आहे हें ठरावांत लेखी मान्य केलें, आणि एकट्यासाठीं इतरांची शाळा निरुपयोगी होईल म्हणून प्रवेश नाकारला! १८५८ सालीं विलायतेंतील डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचें बजावलें, पण हुकुमानें वर्गाचें दार उघडत नसतें. आमच्या नागपुरासच १९०७ सालीं किसन फागुजी बनसोडे यांस अस्पृश्य मुलींसाठीं निराळी शाळा काढावी लागली, ती कांहीं हौसेनें नव्हे.

धारवाडची ती आठवण २०२४ सालीं पुन्हा ताजी झाली. ९ फेब्रुवारीस राज्य सरकारनें नियम बदलला: ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्क्यांचें बंधन नाहीं. नागपुरासारख्या दाट वस्तीच्या शहरांत या नियमांतून किती शाळा उरल्या असत्या, हें वाचकांनींच आपल्या मोहल्ल्यावरून ताडावें. अर्जाचा तक्ता राहिला, सोडतीचें यंत्रही राहिलें. घागरींतल्या चिठ्ठ्या तेवढ्या काढून घेतल्या. आणि हें सारें राजपत्रांत छापून, अगदीं पारदर्शकपणें!

मुंबई उच्च न्यायालयानें ६ मे रोजीं या बदलास स्थगिती दिली व १९ जुलैस तो रद्द केला. ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें तोच निवाडा कायम ठेवला. पण जूनमध्यें काढलेल्या सोडतीची यादी तोंवर अडून राहिली होती. ती लागली तेव्हां विदर्भांतील शाळांची घंटा वाजून जवळजवळ तीन आठवडे झाले होते.