मांडीवरची गिटार

जुन्या वाद्याची पारख त्यावरील नांवावरून करावी, असा सामान्य समज आहे. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनें वाजवावयाच्या हवाईयन गिटारीच्या बाबतींत हा समज अपुरा पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत उदयास आलेलें हें वादन पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांतहि रुळलें. व्हॅन शिप्ले यांच्या ध्वनिमुद्रिका त्याची साक्ष देतात.

अशा वाद्याची ओळख त्याच्या अंगावरूनच पटवावी. तारा पडद्यांपासून बऱ्याच उंच आहेत काय, मान चौकोनी आहे काय, हें प्रथम पाहावें. तव्यासारख्या आकाराची रिकनबॅकरची १९३२ सालची ॲल्युमिनियमची गिटार तारांवरून वळलेल्या नालाकृति लोहचुंबकामुळें ओळखूं येते. तिच्या पेटंटास मंजुरी १९३७ सालीं मिळाली. म्हणून तो पेटंट-क्रमांक धारण करणारें वाद्य त्यापूर्वीचें नव्हे.

परंतु ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटारीस चिकारीच्या तारा जोडून तिजवर राग वाजविला. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्यें तें वादन ऐकावयास मिळतें. असा फेरफार झालेल्या वाद्यास संग्राहक कमअस्सल मानतो. आमच्या मतें तो फेरफार हाच आमचा इतिहास होय. रेल्वेच्या वीजघराभोंवतीं वाढलेल्या ठाकुर्लींत कोणाच्या माळ्यावर असें वाद्य निघाल्यास, त्यास झिलई देण्यापूर्वीं जादा खुंट्यांची, डागडुजीच्या खुणांची व वाजविणाराच्या नांवाची नोंद करावी. लाकूड आणि धातु आपलें वय सांगतील. वाजविणाराचें नांव मात्र घरच्या माणसांनींच सांगितलें पाहिजे.