शिमला ऑफिस, वॉकरसाहेब आणि पावसाचं गणित

पुण्यात शिवाजीनगरला ‘शिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. पुण्यात शिमला कुठून आलं, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हललं, आणि कचेरीबरोबर नावही आलं. माझ्या पीएचडीचा विषय आहे मान्सून आणि प्रशांत महासागर यांचं नातं. ते नातं पहिल्यांदा दिसलं ते या शिमल्याच्या कचेरीत.

हवामान खातं १८७५ चं. लगेच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का, हा सरकारच्या गळ्याशी आलेला प्रश्न झाला. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे बोट दाखवलं: बर्फ जास्त, तर पाऊस कमी. १८८६ पासून रीतसर अंदाज निघू लागले. त्यांच्यानंतरच्या इलियट यांनी १८९९ साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात पडला छप्पन्नचा दुष्काळ (विक्रम संवत १९५६, म्हणून छप्पन्न). माणसं आणि गुरं किती मेली ते वाचवत नाही.

मग १९०४ मध्ये खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. गडी केंब्रिजचा गणिती, बूमरँग कसं उडतं यावर काम केलेला. हवामानशास्त्राचा गंधही नव्हता. मला वाटतं तेच पथ्यावर पडलं. त्यांनी ‘पाऊस का पडतो’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘पावसाआधी जगात कुठे काय बदलतं’ हे बघितलं. मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेचा वायुदाब, झांझिबारचा पाऊस, हिमालयातला बर्फ... जिथून नोंदी मिळतील तिथून. संगणक नव्हता. शेकडो सहसंबंध कचेरीतल्या भारतीय कारकुनांनी हाताने काढले. आज माझा लॅपटॉप तेच काम चहा उकळायच्या आत करतो, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

समजा तुम्ही पावसाशी काडीचाही संबंध नसलेल्या वीस गोष्टी तपासल्या. ‘योगायोगाची शक्यता पाच टक्के’ ही नेहमीची कसोटी लावली, तरी सरासरी एक गोष्ट पास होणारच. वॉकरनी हे १९१४ मध्येच लिहून ठेवलं: अनेकांतून सर्वांत चांगला आकडा निवडला असेल, तर त्याची परीक्षाही तितकी कडक हवी. मागे मी माझ्या गाईडना एक झकास आलेख दाखवला. मॅडमनी एवढंच विचारलं, “एकूण किती काढलेस?” वही उघडून मोजले. अठ्ठेचाळीस.

या आकड्यांच्या जंगलातूनच वॉकरना एक झोपाळा दिसला: प्रशांत महासागरावर वायुदाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, आणि उलटही. त्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. तो का झुलतो हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड प्रशांत महासागराच्या पाण्याच्या तापमानाशी, म्हणजे एल निनोशी घातली. वॉकर तोवर गेले होते (१९५८).

तर मग एल निनो आला की दुष्काळ, असं म्हणायचं का? १९९७ ला शतकातला अतिशय जबरदस्त एल निनो आला, आणि देशाचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच राहिला. दोन वर्षांनी पुण्याच्या आयआयटीएममधले कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की हे नातं अलीकडच्या दशकांत सैल झालं आहे. त्यांनी २१-२१ वर्षांची खिडकी पुढे सरकवत सहसंबंध मोजला होता. पण लगेच २००२ ला मध्यम एल निनोत दुष्काळ पडला, जुलैचा पाऊस सरासरीच्या जवळपास निम्माच झाला, आणि अंदाज होता सर्वसाधारण पावसाचा.

सैल झालेलं नातं खरंच बदललं, की एवढ्या छोट्या खिडकीत आकडा नुसत्या योगायोगानेही इतका हलू शकतो? माझा प्रबंध या प्रश्नावर अडला आहे. सध्या मी मुद्दाम न बदलणारं नातं घालून हजारो खोटे मान्सून तयार करते आणि त्यांच्यावर तीच खिडकी फिरवते. आकडा भरपूर हलतो. खऱ्या मान्सूनइतका हलतो का, ते पुढच्या लेखात. अजून रन संपलेला नाही.