रंग वाळेपर्यंत

फ्लेक्सची छपाई गावोगाव पोहोचली ती 2000 नंतर. त्याआधी दुकानाची पाटी पेंटरच्या हातूनच उतरायची. मकबूल फिदा हुसेन यांनीही 1930च्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले होते.

1980च्या दशकात सोलापुरात आमच्या अब्बांचं पेंटिंगचं दुकान होतं. कामांचा क्रम भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला. तो क्रम गिऱ्हाइकाच्या घाईनं नव्हे, रंगाच्या वाळण्यानं ठरे. संध्याकाळी पत्र्याला ऑइलपेंटचा हात मी द्यायचो. सकाळी अब्बा दोरी आखून अक्षरं काढायचे. एक पाटी वाळेपर्यंत दुसरीची आखणी. पावसाळ्यात रंग दोन-दोन दिवस ओला राही आणि नेमकी तेव्हाच गणपती मंडळांची गर्दी. म्हणून मंडळांची नावं आषाढातच फळ्यावर चढत.

रांग मोडून पुढे येई तो फक्त श्रद्धांजलीचा फलक. ‘‘मय्यत थांबत नाही,’’ अब्बा म्हणायचे.

फ्लेक्सला वाळायचं नसतं. रात्री सांगितलेलं काम सकाळी चौकात टांगलेलं दिसतं. त्यात आमचं दुकान मिटलं. पण मराठी अक्षराचं वळण मी तिथंच, रंग वाळायची वाट पाहता पाहता शिकलो. कवितेचा पहिला खर्डा आजही रात्रभर तसाच ठेवतो.